"फोटो कधी भेटतीन?" : नागपुरात कार्यक्रम अन् कन्व्हेन्शनमध्ये हौशी फोटोग्राफर म्हणून व्हॉलंटियर व्हायचं असेल तर

गळ्यात कॅमेरा घालून नागपुरातल्या कुठल्याही कार्यक्रमात उभे राहा, अर्ध्या तासाच्या आत कोणीतरी येऊन विचारतंच, "दादा, फोटो कधी भेटतीन?" आधी मला या प्रश्नाचा वैताग यायचा. आता वाटतं की आपलं अख्खं काम याच प्रश्नात आहे, कारण ज्याचा फोटो काढला त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही तर दिवसभर उभं राहून आपण फक्त स्वतःचं कार्ड भरलं.

हे मला एका मुलीमुळे कळलं. ॲनिमेवाल्या (जपानी कार्टूनच्या वेड्या) पोरापोरींचा एक छोटा मीटअप होता, आवडत्या पात्राचा वेश करून म्हणजे कॉस्प्ले करून आलेले सव्वाशेक लोक होते, मी पाचसहाशे फोटो काढले अन् मग परीक्षा आल्या, मग घरी लग्न निघालं, फोटो हार्डडिस्कमध्ये पडून राहिले. अडीच महिन्यांनी पाठवले तेव्हा तिनं लिहिलं की तिचे पंख (इव्हा फोमचे, दोन महिने खपून बनवले होते) त्याच दिवशी घरी जाताना ऑटोत मोडले, तिच्याकडे त्यांचा एकही नीट फोटो नव्हता, अन् तिनं मला दोनदा मेसेजही केला होता जो मी पाहिलाच नाही. ती रागावली नव्हती, थँक्यू म्हणाली. पण ते वाचून मला फार वाईट वाटलं. खाली जे लिहून राहिलो ते सगळं त्यानंतर शिकलेलं आहे.

आधी घराजवळचं करा

थेट मोठ्या कन्व्हेन्शनला (चाहत्यांच्या मेळ्याला) जाऊ नका. कॉमिक कॉन इंडिया २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं, आता मुंबई-हैदराबादलाही होतं अन् आपल्याकडून रात्रीची गाडी पकडून जाणारी पोरं आहेत, पण पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन त्या गर्दीत शिरलात तर काय काढावं तेच सुचत नाही.

त्यापेक्षा तान्हा पोळा घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लोगल्ली लेकरं लाकडी बैल घेऊन येतात, कोणी शिवाजी महाराज, कोणी झाशीची राणी, कोणी शेतकरी, कोणी पोलीस, अन् परीक्षक बसतात, बक्षिसं असतात, आई रात्री जागून अंगरखा शिवते. कॉस्प्ले म्हणजे तरी दुसरं काय असतं? माझ्या मते नागपूरच्या पोरांना कॉस्प्ले बाहेरून शिकायची गरजच नाही, तो आपण चार वर्षांचे असताना करून बसलोय. फोटोग्राफरसाठी तर ही पक्की तालीम आहे, लेकरं एका जागी थांबत नाहीत, उजेड भराभर जातो, मागे मंडपाचे बांबू अन् उभ्या केलेल्या गाड्या दिसतात, आणि प्रत्येक आईला आपल्याच लेकराचा फोटो पाहिजे असतो. इथं तीस लेकरांचे तीस बरे फोटो काढून दोन दिवसांत कॉलनीच्या ग्रुपवर दिलेत तर पुढच्या वर्षी लोक स्वतःहून बोलावतील.

मग शाळेचं गॅदरिंग, रक्तदान शिबिर, वाचनालयाचा कार्यक्रम, सोसायटीचा गणपती. कॉलेजात असाल तर कॉलेजचा फेस्ट आहेच. व्हीएनआयटीच्या ॲक्सिस किंवा आरोहीसारख्या मोठ्या फेस्टला तिथल्या पोरांचे स्वतःचे क्लब असतात, तुम्ही बाहेरचे असाल तर आधी त्या पोरांशी ओळख करा, "मी मदतीला येऊ का" असं विचारा, हक्कानं घुसू नका.

फुकट कुठं करायचं अन् कुठं नाही

हे मी मुद्दाम आधी लिहितोय. ज्या कामासाठी आपल्या शहरातल्या एखाद्या फोटोग्राफरला पैसे मिळाले असते ते काम फुकट करू नका. लग्न, कंपनीची पार्टी, दुकानाचं उद्घाटन, शोरूमची जाहिरात, हे त्यांचं पोट आहे. तिकीट लावून, स्पॉन्सर घेऊन, सगळ्यांना पैसे देऊन फक्त फोटोवाल्यालाच "तुमचं नाव होईल ना भाऊ" म्हणणारे आयोजकही असतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. जिथं सगळेच व्हॉलंटियर आहेत, खुर्च्या लावणारा पण अन् माइकवाला पण, तिथं आपणही. माझी कसोटी एवढीच.

आयोजकांशी काय बोलायचं

पहिला मेसेज छोटा ठेवा. मी साधारण असं लिहितो: "नमस्कार ताई, मी हौस म्हणून फोटो काढतो, तुमच्या रविवारच्या कार्यक्रमात व्हॉलंटियर म्हणून यायला आवडेल. याआधी काढलेले १० फोटो पाठवतो. मी १० ते ४ थांबू शकेन, निवडक फोटो त्याच रात्री अन् बाकीचे ७ दिवसांत देईन." बस. दहाच पाठवा, शंभर फोटो कोणी पाहत नाही, आणि त्या दहात सूर्यास्त अन् फुलं नकोत, माणसं पाहिजेत.

होकार आला की फोनवर बोला, पण जे ठरलं ते नंतर व्हॉट्सॲपवर लिहून टाका. किती तास, आणखी कोणी फोटोग्राफर आहे का, स्टेजजवळ जाऊ देतील का, ओळखपत्र किंवा वेगळ्या रंगाचा टीशर्ट भेटेल का (हा फार कामाचा असतो, नाहीतर लोकांना कळत नाही तुम्ही कोण अन् कशाला फोटो काढून राहिले), पाणी-जेवणाचं काय, बॅग ठेवायला कुलूप लागणारी जागा आहे का, फोटो कुठं टाकणार अन् नाव कसं देणार.

मालकीचंही तेव्हाच बोलून घ्या. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्या फोटोचा कर्ता असतो. कोणी मोबदला देऊन काढून घेतला अन् वेगळं काही ठरलेलं नसेल तर मालकी मोबदला देणाऱ्याची, पण तुम्ही मोबदल्याशिवाय काढताय, म्हणजे तुमची. ती दुसऱ्याला द्यायची तर लेखी, सहीनिशी द्यावी लागते, अन् त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. हे माहीत असलं म्हणून लगेच भांडायला उठायचं नाही. मी आयोजकांना सरळ सांगतो: कार्यक्रमाच्या पेजवर, पत्रिकेत, पुढच्या वर्षीच्या पोस्टरवर खुशाल वापरा, खाली नाव द्या. पण कुठल्या स्पॉन्सरच्या जाहिरातीत जाणार असेल तर मला विचारा, अन् फोटोत जो आहे त्यालाही विचारा. फोटोतल्या पोरीनं मीटअपला यायला होकार दिला होता, कोणाचा शाम्पू विकायला नाही.

बॅगेत काय

नवा कॅमेरा घेण्यासाठी थांबू नका. जुनी क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी अन् ५० एमएम एफ १.८ लेन्स एवढ्यावर भरपूर काम होतं. फक्त लक्षात ठेवा, क्रॉपवर ५० चा ७५-८० सारखा होतो, म्हणजे सगळं जवळ येतं, छोट्या हॉलमध्ये पाठ भिंतीला टेकते तरी पूर्ण माणूस बसत नाही. ग्रुप जास्त काढायचे असतील तर ३५ बरा. किट लेन्स १८-५५ उन्हात छान चालतो, हॉलमध्ये दमतो. चांगला मोबाइल असेल तर तोही चालतो, पण मग लोकांजवळ जायची सवय लावा, झूम करून काढलेला फोटो नंतर कामाचा राहत नाही.

दोन बॅटऱ्या, दोन कार्डं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची) फाइल २५-३० एमबी धरा, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास बसतात. माझं मत असं की पूर्ण दिवसासाठी एकच मोठं कार्ड घेऊ नये, दोन मध्यम घ्यावी अन् जेवणाच्या वेळी बदलावी, एक बिघडलं तरी अर्धा दिवस हातात राहतो.

बाकी वस्तू घरातल्याच: सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी, फेविक्विक, ओले टिश्यू, थर्माकोलची पांढरी शीट (दहाविसात येते अन् सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड फेकायला रिफ्लेक्टरइतकीच चालते), मायक्रोफायबर कापड, प्लास्टिकची पिशवी अन् रबरबँड, एक छोटी वही. पिना अन् फेविक्विक कॅमेऱ्यासाठी नाहीत. कोणाचा खांद्याचा कवचाचा तुकडा निखळतोच, तेव्हा मदत केलीत तर ते पात्र दिवसभर तुमच्याशी आपुलकीनं वागतं. उन्हाळ्यात तर ग्लूगननं चिकटवलेलं सगळं सैल पडतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो तेव्हा दुसरं काय होणार.

कॅमेऱ्यातलं घड्याळ मोबाइलशी जुळवा. दोन-तीन फोटोग्राफर असाल तर सगळ्यांनी सकाळीच जुळवून घ्या. एकदा आमच्यातल्या एकाच्या कॅमेऱ्याची वेळ साडेपाच तास मागे होती, सगळे फोटो एकत्र केले तर बक्षीस समारंभ दीपप्रज्वलनाच्या आधी आला, अन् ते सोडवता सोडवता रात्र गेली.

आदल्या दिवशी जागा पाहून या

अर्धा तास काढा अन् कार्यक्रम ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जाऊन पाहा. सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह अशा ठिकाणी स्टेजचा उजेड बरा असतो पण तुम्ही लांब असता. मंगल कार्यालयात छत पांढरं असलं तर फ्लॅश वर वळवून मऊ उजेड भेटतो. मैदानावरचा मंडप मात्र फसवतो. लाल-पिवळ्या कापडातून आलेला उजेड सगळ्यांचे चेहरे हळदीसारखे करतो अन् फ्लॅश वर मारला तर तो कापडाचाच रंग घेऊन खाली येतो. तिथं माणसाला मंडपाच्या कडेला आणायचं, जिथं बाहेरचा आभाळाचा उजेड चेहऱ्यावर येतो पण ऊन येत नाही. ही कडेची एक हाताची पट्टी म्हणजे तुमचा स्टुडिओ समजा. बागेत असाल तर कडुनिंबाच्या सावलीची कड, तेच तत्त्व.

वेळेचाही हिशोब करा. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईवाले सहापर्यंत काढतात म्हणून आपणही तसं धरलं की फसलो. फुटाळ्यावर किंवा अंबाझरीला शूट ठरवलं असेल तर चारला पोचा.

हॉलमधल्या सेटिंगबद्दल मला जे जमतं ते सांगतो. एफ १.८ ते २.८ (लेन्सचं तोंड किती उघडं), शटर १/२०० सेकंद, आयएसओ ३२०० (उजेडाची संवेदनशीलता), इथून सुरुवात, मग पाहून बदला. दाणे आले तर येऊ द्या, हललेला फोटो सुधारत नाही अन् दाणेदार फोटो लोक प्रेमानं ठेवतात. फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर ते लाइटचं लुकलुकणं आहे, आपली वीज ५० हर्ट्झची म्हणून ट्यूब अन् स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, सायलेंट मोड बंद करा, कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. १/१०० वर समोरच्याला "दोन सेकंद स्थिर राहा" म्हणावं लागतं एवढंच. स्टेजवर लाल किंवा निळे एलईडी मारून राहिले असतील तर एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे अर्ध्या उजेडावर) घ्या, नाहीतर चेहऱ्याचा नुसता लाल गोळा होतो. तरी नाही जमलं तर तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, बऱ्याचदा वाचतो.

ड्रोनचं डोक्यातून काढून टाका. विमानतळ शहरातच आहे, परवानगीशिवाय उडवणं म्हणजे स्वतःसोबत आयोजकांनाही अडचणीत आणणं.

कन्व्हेन्शनच्या दिवशी: विचारा, थांबा, मग काढा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

कॉस्प्ले केलेला माणूस लोकांनी पाहावं म्हणूनच आलाय, हे खरं. पण लोकांनी पाहावं म्हणून आलाय म्हणजे कोणीही, कसाही, कुठूनही फोटो काढावा असं होत नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनला आयोजकांनी ठिकठिकाणी पाट्या लावल्या होत्या, अर्थ असा की कॉस्प्ले केला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही. टोकियोला १९७५ पासून कॉमिकेट (हौशी कॉमिक्सचा मेळा) भरतं, तिथं कॉस्प्लेचे फोटो ठरवून दिलेल्या जागेतच काढतात, लोक रांग लावतात, आपली पाळी आली की विचारून काढतात अन् पुढच्याला जागा देतात. आपल्याकडच्या छोट्या मीटअपमध्येही हे सहज जमतं, मी एका ठिकाणी नुसती जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारली, "फोटो इथं" असं लिहिलं, अन् गर्दीचा रस्ता मोकळा झाला.

विचारायचं कसं? कॅमेरा खाली करून, डोळ्यात पाहून. "ताई, पंख मस्त झालेत, एक फोटो काढू का? क्लबच्या पेजवर जाईल, चालेल?" यात दोन प्रश्न आहेत, काढू का अन् टाकू का. काहींना फोटो पाहिजे असतो पण घरच्यांना माहीत नसतं, ऑफिसात कळू द्यायचं नसतं. "मलाच पाठवा, पेजवर नको" असं म्हटलं तर वहीत तसं लिहा, डोक्यात ठेवू नका, संध्याकाळपर्यंत विसरता. आयोजक तयार असतील तर नोंदणीच्या टेबलावरच दोन रंगांच्या रिबिनी ठेवायला सांगा, एका रंगाची ज्यांना फोटो चालतो त्यांना, दुसऱ्या रंगाची ज्यांना नको त्यांना. शंभर रुपयांच्या आत काम होतं अन् दिवसभराचे अवघडलेले प्रसंग टळतात.

जेवताना, पाणी पिताना, विग काढून घाम पुसताना, वॉशरूमच्या किंवा चेंजिंग रूमच्या रस्त्यावर कॅमेरा वर करायचाच नाही. स्वतःच्या हातानं कोणाचा केस, ओढणी, कवच सरळ करायचं नाही, "तुमच्या डाव्या खांद्यावर पट्टा वळलाय" असं सांगायचं, त्यांचा मित्र करेल. पोझ सांगताना शरीराबद्दल काही बोलायचं नाही. "तुमचं पात्र या वेळी काय करून राहिलं असतं?" असं विचारा, मग पाहा कसा चेहरा बदलतो, ज्यानं चार महिने त्या पात्रात घालवलेत त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुम्हाला ते पात्र माहीत नसेल तर सरळ विचारा, त्यांना सांगायला फार आवडतं.

एका माणसाला तीन मिनिटांच्या वर उभं करू नका. फोमच्या कवचात आतून काय होतं ते ते कवच घालणाऱ्यालाच माहीत, डिसेंबरातसुद्धा घामाच्या धारा लागतात. आधी एक पूर्ण उभा फोटो, मग कमरेपर्यंतचा, मग एखादा बारकाव्याचा, हातमोज्यावरचं नक्षीकाम, तलवारीची मूठ, जे त्यांनी स्वतः केलंय ते. हा तिसरा फोटो कोणी काढत नाही अन् लोक तोच सगळ्यात जास्त जपतात.

लहान मुलं असतील तर आधी आई-वडिलांना विचारा, ते जवळ नसतील तर थांबा. गुडघ्यावर बसा, लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर. अठराच्या आतल्यांच्या फोटोखाली नाव, शाळा काहीही देऊ नका.

अन् फक्त भारी पोशाखवाल्यांच्याच मागे धावू नका. पहिल्यांदा आलेलं पोरगं, घरातल्या बेडशीटचा केप करून कोपऱ्यात उभं असतं, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. त्याचा फोटो तेवढ्याच मन लावून काढा. नोंदणीवाले, चहावाले, दोऱ्या बांधणारे व्हॉलंटियर यांचेही काढा, त्यांच्याकडे त्या दिवसाचा स्वतःचा एकही फोटो नसतो.

शेवटचं, वहीत नंबर लिहा. फोटोचा क्रमांक, माणसाचं नाव किंवा इन्स्टाचं हँडल, पात्र, पोशाख कोणी बनवला. पोशाख कोणी बनवला हे मी का विचारतो? १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यातल्या माणसांचा वेश करून आले होते, आजच्या कन्व्हेन्शनमधल्या वेशभूषेची सुरुवात तिथून सांगतात. दोघांचेही पोशाख मर्टलनं बनवले होते. आपल्याकडेही बहुतेक वेळा कोणाच्या तरी आईनं, मावशीनं, गल्लीतल्या टेलर काकांनी शिवलेलं असतं, त्यांचं नाव फोटोखाली आलं पाहिजे. हँडल हातानं लिहिताना चुकतं, म्हणून मी माणसाचा फोटो झाला की लगेच त्याच्या मोबाइलवरच्या प्रोफाइलचाही एक फोटो काढून ठेवतो.

मारबत, दीक्षाभूमी अन् बाकी गर्दी

मारबतीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक) इतवारी-महालात उभं राहिलं की कळतं गर्दी म्हणजे काय. काळी अन् पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघतेय, सोबत त्या वर्षी ज्याचा राग आला त्याचे बडगे म्हणजे पुतळे असतात, "घेऊन जा गे मारबत" चा गजर, अन् वरून पाऊस कधीही. तिथं मी लेन्स बदलत नाही, कॅमेरा पिशवीत घालून फक्त लेन्सचं तोंड बाहेर काढतो, रबरबँड लावतो, पट्टा हाताला गुंडाळतो. आधी एखाद्या ओळखीच्या दुकानदार काकांना विचारून त्यांच्या वरच्या गॅलरीत तासभर जागा मिळवा, रस्त्यावरून नुसती डोकी येतात. संध्याकाळी त्यांच्या दुकानासमोरून मारबत जातानाचा फोटो त्यांना प्रिंट करून द्या.

दीक्षाभूमी वेगळी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली, दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावहून माणसं येतात, रात्री मैदानात, रस्त्याच्या कडेला झोपतात. ते तमाशा पाहायला आलेले नाहीत, वंदन करायला आलेत. झोपलेल्या माणसाचा, कपडे बदलणाऱ्या बाईचा, डोळे मिटून हात जोडलेल्याच्या तोंडावर फ्लॅश मारून फोटो काढायचा नाही. जवळ बसा, कुठून आले विचारा, मग फोटो. बरेच लोक आनंदानं हो म्हणतात अन् मग तेच विचारतात, फोटो कधी भेटतीन. त्यांचा व्हॉट्सॲप नंबर घ्या. मोबाइल साधा असेल तर पत्ता घ्या अन् पोस्टानं ४ बाय ६ ची प्रिंट पाठवा, खर्च थोडका आहे.

अन्नदान, कपडे वाटप, शालेय साहित्य वाटप यात आयोजक म्हणतात, देतानाचा फोटो पाहिजे. मी घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा काढत नाही. हात काढतो, मोठी कढई काढतो, पोळ्या लाटणाऱ्या बायका काढतो, पंगत मागून काढतो. आयोजकांना आधीच सांगून टाका म्हणजे नंतर वाद नको. आजवर एकदाच कोणी नाराज झालं.

घरी आल्यावरच खरं काम सुरू होतं

त्याच रात्री, कितीही दमले तरी, दोन्ही कार्डं लॅपटॉपवर अन् एका वेगळ्या हार्डडिस्कवर कॉपी करा. दोन ठिकाणी उघडून पाहिल्याशिवाय कार्डाला हात लावू नका. मग जेवा.

त्याच रात्री १०-१५ फोटो द्या, बाकीचे ७ दिवसांत. हे आकडे मी खूप विचार करून धरलेत. पहिल्या रात्री लोक जागे असतात, एकमेकांना टॅग करून राहिले असतात, तेव्हाचे पंधरा फोटो महिन्यानंतरच्या पाचशेपेक्षा जास्त आनंद देतात.

निवड करताना पहिल्या फेरीत फक्त बाद करा: हललेले, डोळे मिटलेले, कोणाचा विग सरकलेला, कोणी अवघडून बसलेलं. दुसऱ्या फेरीत सारखे दिसणारे सहा असतील तर एक-दोन ठेवा. मी ६०० मधून साधारण १५० देतो. पण एक नियम पाळतो, वहीत ज्याचं नाव आहे त्याचा किमान एक बरा फोटो यादीत राहिलाच पाहिजे, मग तो फोटो म्हणून साधा का असेना.

एडिटिंगला पैसे लागत नाहीत, डार्कटेबल अन् रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत. व्हाइट बॅलन्स, उजेड, थोडं क्रॉप, बस. एक विनंती मनापासून करतो: कोणाचा रंग उजळ करू नका. सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर असतो म्हणून ओढू नका. सावळ्या मुलीनं गोऱ्या राजकन्येचं पात्र केलं असेल तर तो तिचा त्या पात्रावरचा हक्क आहे, अन् तुम्ही तिला गोरी करून दिली तर तिनं जे केलं तेच पुसून टाकलं. पिंपल पुसायचा असेल तर पुसा, तो आठवड्यात जाणारच होता.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की फोटो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी असतात, लांब बाजू २०४८ पिक्सेल ठेवून जेपेग केलं तर एक फोटो एक-दीड एमबीत बसतो, दीडशे फोटो आरामात जातात. ज्यांनी "पेजवर नको" सांगितलं त्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, त्या माणसालाच. लिंकसोबत एक ओळ लिहा: "कोणाला स्वतःचा फोटो काढून टाकायचा असेल तर सांगा, कारण विचारणार नाही." अन् खरंच विचारू नका. मला असे मेसेज क्वचितच आले, पण जेव्हा आले तेव्हा पाच मिनिटांत काढला, पेजवाल्यांनाही काढायला लावला.

बिघडलं तर

कार्ड उडालं तर त्यावर आणखी एकही फोटो काढू नका, बाजूला ठेवा, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, बऱ्याच फाइली परत येतात. नाही आल्या तर ज्यांचे गेले त्यांना स्वतः मेसेज करा, लपवू नका, अन् जमलं तर पुन्हा शूट करायला बोलवा. एका ताईंसाठी आम्ही दोन आठवड्यांनी रामनगरच्या एका गच्चीवर पुन्हा शूट केलं, तिथले फोटो आधीपेक्षा चांगले आले.

कार्यक्रमात कोणी कॅमेरावाला एखाद्या मुलीला त्रास देऊन राहिला दिसला तर मध्ये जाऊन उभे राहा, तिला विचारा, "ताई, तुम्हाला आयोजकांनी बोलावलंय, येता का?" अन् तिला घेऊन खरंच आयोजकांकडे जा. त्याच्याशी तिथं वाद घालत बसू नका, ते आयोजकांना करू द्या, पण सांगितल्याशिवाय घरी जाऊ नका. आपल्या गळ्यातही कॅमेरा आहे, त्याच्यामुळे लोक उद्या आपल्यालाही घाबरतील.

मग सातव्या दिवशी वही उघडा. ज्यांना फोटो गेले त्यांच्या नावापुढे खूण करा. दोन-तीन नावं नेहमी उरतात, नंबर चुकलेला, हँडल सापडत नाही, आयोजकांना विचारा, क्लबच्या ग्रुपवर विचारा, "हिरव्या केपमधला, हातात लाकडी तलवार, कोणाच्या ओळखीचा आहे का?" तो सापडला, त्याला फोटो गेला, की मग कार्डं फॉरमॅट करा अन् बॅटऱ्या चार्जिंगला लावा.